टायटनवरचा पाऊस कळला कसा?

गोदावरीला पूर आला की नाशिकमध्ये क्युसेकचा आकडा नंतर. आधी विचारतात, ‘दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर?’ पाऊस झालेला असतो त्र्यंबकच्या डोंगरात, त्याचा अंदाज घ्यायचा घाटावरच्या मूर्तीवरून. शनीच्या टायटन या चंद्रावरचा पाऊसही असाच खुणेवरून कळला.

टायटन सापडला १६५५मध्ये. त्याच्याभोवती मिथेन आहे, हे खगोलशास्त्रज्ञ जेरार्ड कायपर यांनी १९४४मध्ये वर्णपटावरून, म्हणजे त्याचा प्रकाश रंगारंगांत फोडून, दाखवलं. नोव्हेंबर १९८०मध्ये व्हॉयेजर-१ हे यान जवळून गेलं, पण फोटोंत आला नुसता नारिंगी गोळा. धुरकट थरापुढे जमीन दिसेना. तरी हवा मुख्यतः नायट्रोजनची, दाब आपल्या दीडपट आणि तापमान उणे १८० अंशांच्या आसपास, एवढं हाती लागलं. सगळी मेख त्या तापमानात आहे. इतक्या थंडीत पाण्याचा दगड होतो, मिथेन मात्र द्रव राहू शकतो. म्हणजे ढग, पाऊस, नदी, सगळं मिथेनचं!

१९९०च्या दशकात पृथ्वीवरच्या दुर्बिणींना ढगांची चाहूल लागली. २००४मध्ये कॅसिनी यान शनीपाशी पोचलं. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या काही मोजक्या पट्ट्यांत तो थर भेदता येतो. तिथून पाहिलं तर दक्षिण ध्रुवावर, भर उन्हाळ्यात, ढगांचे पुंजके. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स यान खाली उतरलं. उतरताना नदीसारखे फाटे दिसले, आणि उतरल्यावर समोर बर्फाचे गोटे, नदीपात्रातल्यासारखे झिजून गोल झालेले. पाऊस मात्र नव्हता.

टायटनचं वर्ष आपल्या साडेएकोणतीस वर्षांचं, एकेक ऋतू सात वर्षांहून मोठा. सप्टेंबर २०१०मध्ये विषुववृत्ताजवळ बाणाच्या आकाराचा प्रचंड ढग दिसला. पुढच्या फोटोंत त्या वाळूच्या कोरड्या पट्ट्यात सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठी, जमीन काळवंडलेली. काही महिन्यांत बरीचशी पुन्हा उजळली, धुतलेलं अंगण वाळावं तशी. पडता पाऊस कुणी पाहिला नव्हता. ओल पाहिली होती.

समुद्र आहेत उत्तरेला, पण तिथे ढग कधी दाटतील याचे गणिती अंदाज बरीच वर्षं हुकले. निफाडच्या द्राक्षवाल्यांना याचं नवल वाटू नये. सप्टेंबर २०१७मध्ये कॅसिनी शनीत विसावलं, आणि नोव्हेंबर २०२२मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने उत्तरेचे ढग टिपले.

नासाचं ड्रॅगनफ्लाय यान २०२८मध्ये निघून २०३४मध्ये तिथे उतरायचं आहे. टायटनचं एक वर्ष उलटून ऋतू तेव्हा पुन्हा तोच असेल, ज्यात हायगेन्स उतरलं होतं.