टाचेचं ‘वाढलेलं हाड’ आणि बधिर तळवा

बेळगावातल्या वडगाव-शहापुरात दिवसभर मागापाशी फरशीवर उभं राहणाऱ्या विणकराची टाच दुखते, एक्स-रे निघतो आणि ‘हाड वाढलंय’ असं कळतं. पण हाडाचं असं टोक असूनही टाच न दुखणारी माणसं पुष्कळ आहेत. बहुधा दुखत असतो टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला चिवट पट्टा, प्लान्टर फॅशिया.

अनवाणी उभे राहा आणि कुणाला तरी तुमच्या पायाचा अंगठा वर उचलायला सांगा. तळव्याची कमान चढताना दिसेल. रहाटावर दोर चढावा तसा हा पट्टा अंगठ्याच्या मुळाशी गुंडाळला जातो आणि टाच बोटांकडे ओढली जाते. संशोधक हिक्स यांनी १९५४ मध्ये मांडलेली ही रचना विलक्षण सुंदर आहे: टाच उचलली की लवचीक पाऊल त्या क्षणापुरतं ताठ तरफ होतं, तेही प्रत्येक पावलाला. ताण मात्र साचतो पट्टा टाचेला चिकटतो तिथे, आतल्या बाजूला. झोपेत पाऊल खाली झुकलेलं, पट्टा सैल. सकाळी उभं राहताच तो एकदम ताणला जातो. पहिल्या पावलांची कळ ती हीच.

म्हणून अंथरुणातच पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, बोटं नडगीकडे ओढून १० सेकंद धरा. असं १० वेळा, दिवसातून ३ दा. पुढे बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पायरीवर उभे राहा: ३ सेकंदांत टाच वर, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली, एक दिवसाआड. उतार पडायला महिने लागतात.

बधिरपणा मात्र पट्ट्याचा नाही, नसेचा. निपाणीत विड्या वळताना तासन्‌तास मांडी घातली की गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूची नस दबते. बधिर होते पावलाची वरची बाजू. तळव्याला मुंग्या येत असतील तर आतल्या घोट्यामागची नस तपासावी. दोन्ही पावलं बोटांपासून मोज्यासारखी बधिर होत गेली तर रक्तातली साखर आणि बी-१२ जीवनसत्त्व बघा, मधुमेहावरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर नक्कीच. फिकट, बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी हवी. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. कंबरदुखीसोबत पाय लुळा पडला किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

टाचेला बिब्ब्याचा चटका देणं थांबायलाच हवं. तापल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेकणंही बधिर पायाला घातक: भाजल्याचं कळत नाही, आणि मधुमेहात ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. मधुमेह असेल तर तळवे रोज आरशात बघा, गरम पाण्यात पाय घालण्याआधी पाणी दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने तपासून घ्या.