वाघ जिंकेल की सिंह? आणि मुळात ते भांडतील कशाला?

माझा भाचा सातवीत आहे आणि भेटला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, मामा, वाघ आणि सिंह समोरासमोर आले तर कोण जिंकेल? मागच्या दिवाळीला गोरिला विरुद्ध अस्वल होतं, त्याच्या आधी मगर विरुद्ध पाणघोडा. काही मोठ्या माणसांना हे प्रश्न पोरकट वाटतात, मला अजिबात वाटत नाहीत, कारण उत्तर द्यायला बसलं की वजन, दात, भूक, पिल्लं, कळप, सगळं एकेक करून मध्ये यायला लागतं आणि तासभर कसा गेला कळत नाही.

तर आधी वाघ-सिंहच घेऊ. आपल्याकडचा पूर्ण वाढलेला नर वाघ साधारण १८० ते २६० किलोचा असतो. गीरचा नर सिंह १६० ते १९० किलो, आफ्रिकेतला त्याच्यापेक्षा थोडा मोठा. म्हणजे वजनात वाघ जरा पुढे, पण फार नाही, आणि कातडं काढून नुसते सांगाडे समोर ठेवले तर कुठला कोणाचा हे ओळखायला चांगला अनुभवी माणूस लागतो इतके हे दोघं जवळचे नातेवाईक आहेत. २००९ मध्ये संशोधकांनी या दोघांच्या भरपूर कवट्या मोजून बघितल्या तेव्हा कवटीच्या आकाराच्या मानाने वाघाच्या मेंदूची जागा सिंहापेक्षा मोठी निघाली. त्यावरून वाघ भांडणात जास्त डोकं लावतो असं लगेच म्हणता येत नाही, पण भाच्याला सांगितल्यावर तो खूश झाला कारण तो वाघाच्या पार्टीचा आहे.

बरं, सिंहाची आयाळ? गळा धरता येऊ नये म्हणून निसर्गाने दिलेली ती ढाल आहे असं आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलोय. टांझानियातल्या सेरेंगेटीच्या जंगलात काम करणाऱ्या संशोधकांनी हे खरंच तपासलं. सिंहांच्या जखमांच्या नोंदी पाहिल्या तर आयाळीच्या भागावर जास्त हल्ले होतात किंवा तिथल्या जखमा जास्त जीवघेण्या ठरतात असं काही दिसलं नाही. मग त्यांनी अजून एक भारी प्रयोग केला, खऱ्या सिंहाच्या मापाचे बाहुले बनवले, कोणाला काळी आयाळ कोणाला फिकी, कोणाला लांब कोणाला आखूड, आणि ते माळावर ठेवून दिले. सिंहिणी काळ्या आयाळीच्या बाहुल्याकडे गेल्या, आणि नर मात्र आखूड आणि फिक्या आयाळीवाल्याच्या जवळ जाणं पसंत करत होते. म्हणजे आयाळ ही समोरच्याला लांबूनच वाचता येईल अशी पाटी आहे, मी धडधाकट आहे, पोटभर खाल्लेलं आहे, माझ्या नादी लागू नकोस. भांडण व्हायच्या आधीच मिटवायची सोय आहे ती.

आता खरा फरक कुठे आहे तर राहणीत. नर सिंह बहुतेक वेळा दोघं-तिघं भाऊबंद मिळून राहतात, कळपावर ताबा मिळवायला आणि टिकवायला दुसऱ्या नरांशी लढतात, आणि हा ताबा जेमतेम दोन-तीन वर्षं टिकतो. त्या तेवढ्या काळात जी काय पिल्लं होतील ती, नंतर आलेले नवे नर पहिल्यांची पिल्लं मारून टाकतात. त्यामुळे सिंहाला लढाईचा सराव असतो आणि लढण्यासारखं कारणही असतं, शिवाय एखादा पाय दुखावला तरी कळपाने केलेल्या शिकारीवर चार दिवस निघतात. वाघाचं तसं नाही. वाघ एकटा, त्याच्यासाठी दुसरं कोणी शिकार करून आणणार नाही. पुढचा पंजा सुजला, सुळा तुटला, डोळ्याला लागलं की त्या दिवसापासून उपासमार सुरू. एवढं अंगाने धिप्पाड जनावर, पण दहा-वीस वेळा प्रयत्न करावे तेव्हा एखादी शिकार साधते, तिथे लंगडत्या वाघाचं काय होणार. म्हणून ताकद जास्त असूनही वाघ फुकटच्या भांडणात सहसा पडत नाही, आणि मला हे त्याच्या ताकदीपेक्षा जास्त कौतुकाचं वाटतं.

माणसांनी मात्र त्यांना मुद्दाम भांडायला लावलंय. रोममध्ये आखाड्यात वाघ-सिंह सोडायचे, एका रोमन कवीने पाळीव वाघिणीने सिंहाला फाडल्याचं लिहून ठेवलंय. आपल्याकडे राजेरजवाड्यांच्या काळात जनावरांचे असे खेळ होत, कोल्हापूरची साठमारी तर ऐकली असेलच, तिथे पिसाळलेल्या हत्तीसमोर माणसं असायची. आणि २०११ मध्ये तुर्कस्तानात अंकाराच्या प्राणिसंग्रहालयात एका वाघाने कुंपणाच्या फटीतून शेजारच्या पिंजऱ्यात जाऊन एकाच फटक्यात सिंहाच्या मानेची शीर तोडली आणि सिंह मेला, अशी बातमी जगभर झाली होती. कमेंटमध्ये लोक हे उदाहरण पुरावा म्हणून देतात, पण बंद जागेत सगळा हिशोबच बदलतो. जंगलात हरायला लागलेला प्राणी पळून जाऊ शकतो आणि बहुतेक भांडणं तिथेच संपतात, पिंजऱ्यात पळायला जागाच नाही.

हिशोब म्हटलं ते खरोखरचा हिशोब म्हणून म्हटलं. १९७३ मध्ये जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस या दोघांनी प्राण्यांच्या भांडणाचं गणित मांडलं. मेनार्ड स्मिथ दुसऱ्या महायुद्धात विमानांचे इंजिनिअर होते, नंतर जीवशास्त्राकडे वळले, आणि प्राइस मूळचे केमिस्ट्रीवाले. त्यांना पडलेला प्रश्न साधा होता, एवढी शिंगं, सुळे, नखं असून एकाच जातीचे प्राणी एकमेकांना सरळ मारून का टाकत नाहीत? समजा एका मेलेल्या चितळाची किंमत ५० मार्क, आणि जबर जखम झाली तर १०० मार्क कापले. काही प्राणी 'ससाण्या'च्या स्वभावाचे, म्हणजे जबर जखम होईपर्यंत लढणारे, काही 'पारव्या'च्या, म्हणजे गुरगुरायचं आणि समोरचा लढायलाच उठला तर निघून जायचं. सगळेच पारवे असतील तर प्रत्येकाला सरासरी २५ मार्क, कारण अर्ध्या वेळा आपल्याला मिळतं. तिथे एखादा ससाणा घुसला की तो दर वेळी ५० घेऊन जातो, म्हणून ससाणे वाढत जातात. पण सगळेच ससाणे झाले तर? अर्ध्या वेळा ५० मिळतात, अर्ध्या वेळा १०० जातात, सरासरी उणे २५. आता तिथे पळून जाणारा पारवा शून्यावर असूनही सगळ्यांत पुढे! तर या आकड्यांत मामला अर्ध्या-अर्ध्यावर येऊन स्थिरावतो, आणि जखमेची किंमत जितकी जास्त धराल तितके ससाणे कमी होतात. सुळे आणि नखं जितकी धारदार तितकी जखम महाग, त्यामुळे सगळ्यात भयानक हत्यारवाल्या प्राण्यांमध्येच डरकाळ्या, झाडावर नखं ओढून ठेवणं, मूत्राच्या पिचकाऱ्या मारून हद्द सांगणं, असले लांबूनचे निरोप एवढे का चालतात ते कळतं.

हे गणित दोन वेगळ्या जातींमध्ये कसं चालतं ते बघायला आपल्याला लांब जायची गरज नाही, चंद्रपूरला चला. २०१८ च्या फेब्रुवारीत ताडोबात मटकासूर नावाच्या नर वाघाची आणि पिल्लू बरोबर असलेल्या अस्वलिणीची झुंज झाली, तिचा व्हिडिओ तुम्ही बहुतेक पाहिलाच असेल. मी तो किती वेळा पाहिला असेल सांगता येत नाही आणि दर वेळी पोटात गोळा येतो. पाणवठ्याजवळ वाघ अस्वलिणीला गाठतो, खाली पाडतो, तोंडाने धरून ठेवतो, तिचा आवाज तर ऐकवत नाही, आणि आता संपलं असं वाटत असतानाच ती सुटते आणि उलट त्याच्याच अंगावर जाते. असं बराच वेळ चालतं आणि शेवटी मटकासूर दमून नाद सोडतो. जखमी अस्वलीण जिवंत निघून जाते.

कागदावर बघितलं तर ही मॅच लावायच्याच लायकीची नाही. मादी अस्वल म्हणजे ५५ ते १०० किलो, समोर दुपटीहून जड वाघ. अस्वलाची ती लांबलचक वाकडी नखं वारूळ फोडायला बनलेली आहेत, लढायला नव्हे, आणि त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दातच नसतात, त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं, व्हॅक्यूम क्लीनरसारखी. मुंग्या-वाळवी, मोहाची फुलं, मध, फळं यावर जगणारा प्राणी. पण त्याला हरणासारखं पळता येत नाही आणि वाघ असलेल्या जंगलात त्याच्या पिढ्यान् पिढ्या गेल्यात, त्यामुळे त्याचा उपाय एकच, उभं राहायचं, ओरडायचं आणि सरळ अंगावर जायचं. विदर्भात मोह वेचायला पहाटे जाणाऱ्या माणसांवर अस्वलांचे हल्ले होतात त्याच्या मागे हाच स्वभाव आहे, अचानक जवळ आलेला माणूस आणि वाघ यात फरक करत बसायला त्याच्याकडे वेळ नसतो. आता त्या दिवसाचा हिशोब मांडा. वाघासाठी ती एक जेवणाची संधी होती, नाही तर उद्या सांबर आहे, रानडुक्कर आहे. अस्वलिणीसाठी स्वतःचा जीव आणि पिल्लू, दोन्ही पणाला. लढाईत कोण किती किलोचा आहे हे जितकं महत्त्वाचं तितकंच कोणाला माघार परवडते हेही महत्त्वाचं.

रशियाच्या अतिपूर्वेला तर वाघ आणि तपकिरी अस्वल हा सामना खरोखरच होतो, आणि तिथे दोन्हीकडचे मुडदे पडलेले आहेत. पण तिथेही वाघ मारतो ती बहुतेक माद्या किंवा त्याच्याहून लहान अस्वलं, आणि मोठी नर अस्वलं बर्फातल्या वाघाच्या ठशांवरून माग काढत जाऊन त्याची शिकार हिसकावतात. दोघंही आपापल्या फायद्याचा सामना निवडतात.

गव्याचंही तसंच. दाजीपूरला ज्यांनी गवा जवळून पाहिलाय त्यांना माहीत आहे, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, पाठीवर स्नायूंचा तो उंचवटा आणि मोठा नर ८०० ते १००० किलोपर्यंत. तरी वाघ गवा मारतो, कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात वन्यजीव अभ्यासक उल्हास कारंत यांच्या अभ्यासात तर वाघ गव्यासारखं मोठं भक्ष्य निवडून मारतात हे स्पष्ट दिसलं. पण समोरासमोर शिंगाला शिंग लावून नाही. गवतातून दबत दबत जवळ जायचं, बाजूने किंवा मागून झडप, खाली पाडायचं आणि गळा धरून ठेवायचा, श्वास बंद होईपर्यंत. तेच तो नर गवा आधीच सावध होऊन तोंड वळवून उभा असेल तर वाघ बऱ्याचदा काही न करता निघून जातो. म्हणजे 'वाघ विरुद्ध गवा, कोण जिंकेल' याचं उत्तर पुष्कळदा पहिल्या दोन सेकंदांत, कोणी कोणाला आधी पाहिलं यावर ठरतं.

एक प्रकरण मात्र असं आहे जिथे हा सगळा हिशोब कोलमडला, आणि ते मला फार अस्वस्थ करतं. दक्षिण आफ्रिकेत पिलानेसबर्ग नावाचं राखीव जंगल आहे. तिथे आधी क्रुगर या तिथल्याच मोठ्या राष्ट्रीय उद्यानातून हत्तींची अनाथ पिल्लं आणून सोडली होती, मोठे हत्ती मारून संख्या कमी करायची तेव्हा पद्धत होती, त्यातली उरलेली ही पिल्लं. ती वाढली, आणि १९९२ ते १९९७ या काळात त्यातल्या तरुण नरांनी ४० हून जास्त पांढरे गेंडे मारले. खायला नाही, जागेसाठी नाही, काही मिळवायचंच नव्हतं. पांढरा गेंडा म्हणजे दोन टनांचा प्राणी, पण हत्तीपुढे तो निम्म्याहूनही कमी. कारण शोधलं तेव्हा कळलं की ही पोरं फार लहान वयात माजावर, म्हणजे नर हत्तींना काही काळ चढते त्या मस्तीत, येत होती आणि माज लवकर उतरत नव्हता. जंगलात मोठे नर हत्ती आसपास असले की त्यांच्या धाकाने तरुणांचा माज दबून राहतो, इथे धाक दाखवायला एकही वडीलधारा नव्हता. मग १९९८ मध्ये क्रुगरमधून सहा मोठे नर आणून सोडले आणि गेंडे मरायचे थांबले. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, म्हणजे त्यांचे बाबा आधी आपणच मारले ना.

आता शेवटची मॅच, जी यूट्यूबवर कोणी लावत नाही. वाघ विरुद्ध साळिंदर. दहा-पंधरा किलोचा उंदराच्या गोतावळ्यातला प्राणी, पाठीवर काटे. धोका वाटला की काटे फुलवून पाठ करतो आणि मागे मागे येत सरळ अंगात घुसवतो. काटे सहज सुटतात आणि समोरच्याच्या मांसात राहतात, पंजात, जबड्यात. वाघाला पंजाने काटा काढता येत नाही, तो दाताने चावतो, काटा तुटतो आणि टोक आतच राहतं, मग पू, मग लंगडणं. जिम कॉर्बेटने कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरच्या ज्या नरभक्षक वाघिणीला मारलं तिची हीच गोष्ट होती. साळिंदराशी गाठ पडून तिचा एक डोळा गेला होता आणि पुढच्या उजव्या पायात पन्नासेक काटे शिरले होते, काही तर हाडाला आपटून उलटे वळलेले. ती दाट गवतात पडून जखमा चाटत असताना एक बाई गवत कापत कापत नेमकी तिच्याजवळ आली, आणि वाघिणीने एका फटक्यात त्या बाईला मारलं. खाल्लं नाही, तशीच सोडून लंगडत निघून गेली. माणसं खायला सुरुवात झाली ती त्यानंतर.