शांत जागेवरचा नांगर

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग करून आलेली मंडळी हमखास म्हणतात, "फार गर्दी हो! या बोटी जरा लांब, वेगवेगळ्या ठिकाणी पाठवायला हव्यात." ऐकायला पटतं. पण प्रवाळांच्या बाबतीत हा उपाय उलटा पडू शकतो.

ऑस्ट्रेलियाची ग्रेट बॅरिअर रीफ ही प्रवाळभित्ती बघा. लांबी सुमारे २३०० किलोमीटर. सहलींच्या बोटींना तिथे परवाना लागतो आणि बहुतांश पर्यटन केअर्न्स व व्हिटसंडे बेटांच्या परिसरात, सागरी उद्यानाच्या सुमारे ७ टक्के भागात एकवटलेलं आहे. रविवारी स्वतःची छोटी होडी घेऊन गळ टाकायला किंवा पोहायला निघणाऱ्या स्थानिकांपैकी काही जण ही गजबज टाळतात आणि दूरच्या, निवांत भित्तीकडे वळतात. त्यांची जुनी आवडती जागा सुटते. नव्या जागी मात्र नांगर पडतो.

सहलीची बोट बहुधा ठरलेल्या बोयाला, म्हणजे तळाशी जखडलेल्या तरंगत्या खुणेला, बांधतात. त्याचं वजन तळाशी एकदाच रोवलेलं असतं. छोट्या होडीचा नांगर दर वेळी नव्याने पडतो, आणि नांगराहून जास्त नासधूस साखळी करते. नांगर तळाला धरून राहायचा तर ओढ आडवी हवी, म्हणून पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट साखळी नि दोर सोडतात. वारा फिरला, ओहोटी लागली की होडी नांगराभोवती फिरते आणि तळावर पडलेली साखळी घड्याळाच्या काट्यासारखी सगळं खरडत जाते. तळावर १० मीटर साखळी असेल आणि होडीने पूर्ण फेरा घेतला, तर शाळेतल्या πr² नुसार ३१४ चौरस मीटर. साखळी २० मीटर असेल तर क्षेत्र चौपट, १२५६!

त्यात अ‍ॅक्रोपोरा या फांद्याफांद्यांच्या प्रवाळाच्या नाजूक फांद्या आधी मोडतात. म्हणून अस्पर्श भित्तीवर पहिल्या थोड्या फेऱ्यांतच सर्वाधिक पडझड होते. नंतर उरतात ते पोराइट्ससारख्या प्रवाळांचे दणकट घुमट. तेही सोलवटले तर उघड्या चुन्यावर शैवाल माजतं आणि प्रवाळाच्या अळ्यांना बसायला जागा राहत नाही. हे घुमट वर्षाला साधारण १ सेंटीमीटर वाढतात, म्हणजे मीटरभर उंचीला शतक लागतं. (मंगळासाठी बोटात घालतात ते पोवळंही अशाच एका प्राण्याचा चुन्याचा सांगाडा. त्याने ग्रह बदलत नाही, समुद्रातला जीव तेवढा जातो.)

तापत्या समुद्राचा घाव याहून कितीतरी मोठा आहे. २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ साली या भित्तीवर मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरे पडले. पण नांगराचा घाव आजच्या आज टाळता येतो. तिथे सर्वांसाठी खुले बोये बसवले आहेत. काही खाड्यांमध्ये पांढरे, पिरॅमिडच्या आकाराचे बोये ओळीने तरंगतात. त्या ओळीपासून भित्तीकडच्या बाजूला नांगर टाकायला मनाई आहे, मग होडी सहलीची असो वा घरची.