पोकळ लिंब आणि सावलीतली गाडी

एप्रिल-मे आला की मराठवाड्यातल्या पेपरांत एक बातमी ठरलेली: अवकाळीच्या वाऱ्यात झाड कोसळलं, खालची गाडी चेपली. यंदा ती वाचून आमच्या सोसायटीच्या बैठकीत एक काका उठले. "आपला लिंब आतून पार पोकळ झालाय. ढोलीत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. मिरगाच्या आत पाडून टाका." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही, म्हणून हा लेख.

झाडाच्या खोडाचा मधला गाभा मेलेलाच असतो, हे शाळेत सांगितलेलं आपण विसरतो. मुळांचं पाणी वर जातं ते सालीलगतच्या कोवळ्या लाकडातून, पानांतलं अन्न खाली येतं ते सालीच्या आतल्या थरातून. गाभ्याचा भुसा झाला तरी लिंब हिरवागार राहतो तो यामुळे.

बरं, ही कूज वाढत वाढत सालीपर्यंत का येत नाही? आपलं कातडं खरचटलं की तिथे नवं येतं. झाडाला ही सोय नाही. कुजलेलं लाकूड ते दुरुस्त करत नाही, त्याभोवती भिंती घालून त्याला कोंडतं. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य झाडं करवतीने उभी चिरून हे पाहिलं आणि १९७७ मध्ये चार भिंतींचं चित्र मांडलं. एक भिंत वर-खाली अडवते, दुसरी आतल्या बाजूला, तिसरी आजूबाजूला. या तिन्ही कच्च्या, बुरशी त्या ओलांडते. चौथी मात्र जखम झाल्यावर झाड नव्याने बांधतं आणि ती चांगलीच पक्की असते. जखमेच्या दिवशी खोड जेवढं जाड होतं, कूज बहुधा तेवढ्यातच अडकते. पुढे चढलेली वर्तुळं शाबूत राहतात.

आता माझा आवडता भाग. वाऱ्याने खोड वाकतं तेव्हा वाऱ्याकडची बाजू ताणली जाते, पलीकडची दाबली जाते. अगदी मधल्या लाकडाला ना ताण ना दाब, ते नुसतं बसून असतं. मध्यापासून जितकं लांब तितकं लाकूड जास्त कामाचं, आणि तेही वर्गाच्या हिशेबाने. सायकलचा दांडा आणि बांबू पोकळ असूनही दमदार असतात ते याच कारणाने. सगळी बेरीज केली की गोल खोडासाठी सोपं सूत्र निघतं: पोकळीच्या व्यासाला खोडाच्या व्यासाने भागा आणि उत्तराचा चौथा घात करा. तेवढी ताकद गेली.

समजा खोड ६० सेंटीमीटर जाड आहे. आत ३० सेंटीमीटरची पोकळी, म्हणजे निम्मा व्यास गेला. ताकद किती गेली? फक्त ६ टक्के! पोकळी ४२ झाली तर २४ टक्के. ४८ झाली तर ४१. आणि ५४ झाली, म्हणजे चहूबाजूंनी जेमतेम ३ सेंटीमीटरचं कवच उरलं, तर ६६ टक्के. आधी बराच काळ काहीच बिघडत नाही, मग एकदम कडा येतो. जर्मनीतले क्लाउस माटेक यांनी पडलेली आणि उभी झाडं तपासून हा कडा ढोबळमानाने सांगितला: कवच त्रिज्येच्या तीस टक्क्यांहून पातळ असेल तर सावध व्हा. आपल्या खोडाला ते ९ सेंटीमीटर पडतात. अर्थात ढोलीचं तोंड मोठं असेल, बाजूला उभी चीर असेल तर हा हिशेब कोलमडतो. चिरलेली नळी अखंड नळीसारखी वागत नाही.

त्यातही झाडाची एक हुशारी आहे. ओलं लाकूड ताण जेवढा सोसतं, त्याच्या निम्माच दाब सोसतं. म्हणून झाड वाढतानाच बाहेरची वर्तुळं ताणून ठेवतं. वारा आला की दबणाऱ्या बाजूचा आधी हा ताण उतरतो, खरा दाब त्यानंतर सुरू होतो. सॉ मिलमध्ये ताज्या ओंडक्याची फळी निघता निघता वाकडी होते, तो हाच कोंडलेला ताण सुटलेला असतो.

काही जण ढोलीत सिमेंट भरतात. झाड डुलतं, सिमेंट डुलत नाही, मधल्या फटीत पाणी साचतं. गेरू-चुन्याने रात्री गाडीवाल्याला झाड दिसतं, ताकद वाढत नाही. आणि लिंबातून 'दूध' वाहू लागलं की हळदकुंकू घेऊन रांग लावणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: आतल्या ओल्या, जखमी लाकडात जिवाणू आंबवण करतात, वायूचा दाब वाढतो आणि फेसाळ रस बाहेर येतो. असं झाड प्रसन्न झालेलं नसून बहुधा आजारी असतं. त्याला नारळ नको, तपासणी हवी.

आमच्या लिंबाची झाली. कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक सर लाकडी मोगरी घेऊन आले आणि बुंध्याभोवती ठोकत फिरले. भरीव जागी 'टक', पोकळ जागी 'ढब'. मग त्यांनी बारीक गिरमिटाने दोन-तीन ठिकाणी कवच मोजलं. कुठेच १२ सेंटीमीटरच्या आत नव्हतं, आणि खोड ५५चं. लिंब पास. एक वाळकी फांदी तेवढी उतरवायला सांगितली. शेंडा छाटू नका म्हणाले. तिथून फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात, दोन-चार वर्षांत जड होऊन तेच पडतात.

मग ते गेटजवळच्या गुलमोहराशी थांबले, ज्याच्याकडे आम्ही कुणी पाहिलंही नव्हतं. भर फुलात, लालभडक. पण बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक, एका बाजूने मागच्या वर्षी ड्रेनेजची चारी खणताना तोडलेली मुळं, दुसऱ्या बाजूला बुडाशी विटकरी रंगाची, लाकडासारखी टणक भूछत्रं, म्हणजे आतल्या कुजीची खूण. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच पसरतात. आमच्याकडे त्याखाली मुरूम, मग काळा पाषाण, म्हणजे खोल जायची वाटही नाही. चारी खणली की एका बाजूचे दोर कापल्यासारखं होतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, आणि वळवाआधीचा वारा सांगून येत नाही. मोगरी न मारताच सर म्हणाले, "हे बघा आधी."

गुलमोहर उतरवायचा तर परवानगी लागते. १९७५च्या कायद्याने शहरात स्वतःच्या अंगणातलं झाडही वृक्ष प्राधिकरणाला न विचारता तोडता येत नाही, आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडांना आणखी संरक्षण आहे. अर्ज दिलाय, फोटो जोडलेत, भूछत्रांचे जवळून काढलेले. तोवर बुंध्याभोवतीचे ब्लॉक उखडून घेतले आणि खाली दोरी बांधली.

दोरी बांधताना काकांना गाडी काढायला सांगावी लागली. पोकळ लिंबाच्या भीतीने त्यांनी ती महिन्याभरापासून गुलमोहराखाली लावली होती.