पार्श्वभूमी: शेवटची शिट्टी आणि शेवटची गाडी

इंग्लंडमधील फुटबॉल क्लब आणि त्यांचे पाठीराखे यांच्यात तिकिटांचे दर, मालकांचे व्यवहार, प्रशिक्षकांच्या हकालपट्ट्या अशा कितीतरी कारणांवरून वाद झडत असले, तरी वर्षानुवर्षे न मिटलेली एक तक्रार त्या मानाने अगदी साधी आहे. सामना नेमका कधी आहे हे वेळेवर कळत नाही आणि कळते तेव्हा तिथवर जाऊन त्याच रात्री घरी परतण्याची सोय उरलेली नसते. रद्द झालेल्या एखाद्या गाडीच्या किंवा क्लबकडून उशिरा आलेल्या सूचनेच्या निमित्ताने ती वर येते आणि पुढचा सामना आला की मागे पडते. त्यामुळे ती ताजी आणि किरकोळ वाटते. प्रत्यक्षात ती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

इंग्लंडमध्ये शनिवार दुपार फुटबॉलची झाली ती गिरण्यांमुळे आणि रेल्वेमुळे. १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया आणि अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवले. त्यांच्यावाचून गिरणी चालणे कठीण असल्याने पुरुष कामगारांचीही ती दुपार हळूहळू मोकळी झाली. १८८८ मध्ये फुटबॉल लीग स्थापन झाली, तेव्हा तिचे बाराही क्लब लँकशायर आणि मिडलंड्स या दोन पट्ट्यांतले होते. सकाळी निघून सामना खेळून त्याच दिवशी परतता येईल इतके रेल्वेचे जाळे तिथेच दाट होते. म्हणजे लीगचा नकाशा मुळात रेल्वेच्या वेळापत्रकावर बेतलेला होता, आणि जी सोय संघाला लागू पडत होती तीच त्याच्यामागून जाणाऱ्या पाठीराख्यांनाही लागू पडत होती.

ही सोय गृहीत धरली की काय होते, याचा पहिला ठळक धडा १९०१ मध्ये मिळाला. त्या वर्षीचा एफए कप या इंग्लंडमधील बाद पद्धतीच्या स्पर्धेचा अंतिम सामना लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर टॉटनहॅम आणि शेफिल्ड युनायटेड यांच्यात झाला. त्याला १,१०,८२० प्रेक्षक होते आणि तो २-२ असा बरोबरीत सुटला. आठवड्याने होणारा फेरसामना बोल्टनच्या बर्नडेन पार्कवर ठेवण्यात आला. बोल्टनच्या रेल्वे स्थानकाचे काम त्या वेळी चालू होते आणि रेल्वे कंपनीने स्वस्त सहल-तिकिटे द्यायला नकार दिला. गावातल्या दुकानदारांनी मात्र मोठ्या गर्दीच्या अपेक्षेने ‘पाय’ (pie) नावाच्या, मांसाचे सारण भरून भाजलेल्या पदार्थाचे ढीग तयार ठेवले होते. प्रत्यक्षात अधिकृत नोंदीनुसार २०,४७० माणसे आली, ते ‘पाय’ तसेच पडून राहिले आणि तो दिवस बोल्टनमध्ये ‘पाय सॅटर्डे’ म्हणून लक्षात राहिला. सामना एकाने ठरवला, गाड्या दुसऱ्याच्या हाती होत्या आणि दोघांनी एकमेकांना वेळेवर विचारले नाही. पुढच्या काळातल्या जवळजवळ प्रत्येक घोळाचे सूत्र हेच आहे. फरक इतकाच की १९०१ मध्ये नुकसान ‘पाय’ विकणाऱ्यांनाही झाले. पुढे ते बहुतांशी एकट्या पाठीराख्याच्या वाट्याला येत गेले.

त्यानंतरची पन्नास वर्षे सामन्याची वेळ ठरवण्यात कोणाचीच फारशी मनमानी चालत नव्हती, कारण हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो आणि अंधारात चेंडू दिसत नाही. २२ फेब्रुवारी १९५६ रोजी पोर्ट्समथ आणि न्यूकॅसल यांच्यातला लीगमधला पहिला प्रकाशझोतातला सामना झाला आणि ते बंधन गेले. तंत्राच्या दृष्टीने ही किरकोळ सुधारणा होती. पण सामना रात्री खेळवता येतो म्हटल्यावर तो कधी खेळवायचा हा निर्णयाचा विषय झाला, आणि निर्णय आला की तो घेणारा आणि भोगणारा हे वेगळे असू शकतात, हेही ओघाने आले. १९५९ मध्ये एम-१ महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला, खासगी बसगाड्यांचे प्रवास सुरू झाले आणि पाठीराख्याचे रेल्वेवरचे अवलंबित्व काहीसे सैल झाले.

रेल्वेनेही या प्रवाशांकडे पाठ फिरवली नव्हती. ब्रिटिश रेल सामन्यांसाठी खास गाड्या सोडत असे आणि त्या ‘फुटबॉल स्पेशल’ म्हणून ओळखल्या जात. त्यांना बहुधा जुने, एरवी बाजूला काढलेले डबे लावले जात. सत्तरच्या दशकात दंगेखोरी वाढली, फुटलेल्या खिडक्या आणि फाडलेल्या गाद्या हा नेहमीचा प्रकार झाला, तेव्हा या गाड्या प्रवासाची सोय न राहता बंदोबस्ताचा भाग बनल्या. स्थानकावर पोलिसांचे कडे, तिथून मैदानापर्यंत घेराव्यातून पायी नेणे आणि सामना संपल्यावर यजमान प्रेक्षक पांगेपर्यंत पाहुण्यांना आत थांबवून ठेवणे, अशी पद्धत रूढ झाली. १९८५ च्या कायद्याने सामन्याला जाणाऱ्या बस आणि खास गाड्यांत मद्य बाळगण्यावर बंदी आली. दंगेखोर होतेच आणि त्यांचा उपद्रव खरा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या काळात एक सवय लागली ती टिकून राहिली: प्रवास करणारा पाठीराखा म्हणजे हाताळायचा जमाव, त्याला सूचना द्यायची असते, माहिती द्यायची नसते. नव्वदच्या दशकात रेल्वेचे खासगीकरण झाले, जास्तीचे डबे राखून ठेवणे नव्या कंपन्यांच्या हिशेबात बसेना आणि खास गाड्या जवळपास नाहीशा झाल्या. सवय मात्र मागे राहिली.

त्या सवयीची सर्वांत भयंकर किंमत १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर मोजली गेली. लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्या एफए कप उपांत्य सामन्यात झालेल्या चेंगराचेंगरीने ९७ बळी घेतले. दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि मुख्य दोष पोलिसांच्या नियंत्रणाचा होता. या टिपणाच्या दृष्टीने त्यातला एक धागा महत्त्वाचा आहे. त्या दिवशी लिव्हरपूलहून येणाऱ्या रस्त्यावर कामे चालू होती, अनेकांना पोहोचायला उशीर झाला, फिरत्या फाटकांसमोर गर्दी साचत गेली आणि तरीही सामना ठरल्या वेळी, तीनला, सुरू करण्यात आला. याच मैदानावर दोनच वर्षांपूर्वी, १९८७ मध्ये, लीड्स आणि कॉव्हेंट्री यांचा उपांत्य सामना वाहतूक खोळंबल्यामुळे पंधरा मिनिटे पुढे ढकलला गेला होता; म्हणजे तसे करता येते हे ठाऊक होते. दुर्घटनेनंतर मात्र ‘लोक उशिरा आले, दारू पिऊन आले’ असा आरोप मृतांवर आणि वाचलेल्यांवर ठेवण्यात आला. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीच्या अहवालाने आणि २०१६ मध्ये ज्यूरीने तो पूर्णपणे खोडून काढेपर्यंत २७ वर्षे गेली. ‘उशीर झाला’ हे शब्द इंग्लिश पाठीराखा आजही इतके मनाला लावून घेतो, त्याचे कारण हे आहे.

आताच्या नाराजीचे थेट मूळ मात्र दूरचित्रवाणीत आहे. २ ऑक्टोबर १९८३ रोजी, रविवारी, टॉटनहॅम आणि फॉरेस्ट यांचा लीग सामना थेट दाखवला गेला आणि नव्या काळातल्या थेट प्रक्षेपणाला सुरुवात झाली. १९९२ मध्ये प्रीमियर लीग ही सर्वोच्च श्रेणीची लीग निघाली, स्काय वाहिनीने हंगामाला ६० सामने थेट दाखवायचे ठरवले आणि सोमवारची रात्र फुटबॉलच्या वेळापत्रकात आली. २०२५-२६ च्या हंगामापासूनच्या करारांत ३८० पैकी किमान २६७ सामने थेट दाखवले जातात. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत देशात सामने थेट न दाखवण्याचा जुना नियम अजून पाळला जातो, जेणेकरून लहान क्लबांची मैदाने ओस पडू नयेत. त्याचा उलटा परिणाम असा की जो सामना दाखवायचा आहे तो शनिवारी तीनला ठेवताच येत नाही. तो शुक्रवारी रात्री, शनिवारी दुपारी साडेबाराला, संध्याकाळी साडेपाचला, रात्री आठला, रविवारी किंवा सोमवारी जातो. पैशाच्या दृष्टीने हा व्यवहार क्लबांना मानवला आणि पाठीराख्यांनाही चांगले खेळाडू पाहायला मिळाले. पण शनिवारी तीनची वेळ ही केवळ परंपरा नव्हती, परतीची गाडी मिळण्याची ती हमी होती, हे हिशेबात धरले गेले नाही.

गुंता कुठे बसतो ते एका पाठीराख्याच्या जागी बसून पाहू. हंगामाचे वेळापत्रक जूनमध्ये जाहीर होते, पण त्यातील तारखा कच्च्या असतात, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रेल्वेची स्वस्त आगाऊ तिकिटे साधारणपणे प्रवासाच्या बारा आठवडे आधी विक्रीला येतात, आणि ती रद्द केली तर पैसे परत मिळत नाहीत. वाहिन्यांची निवड मात्र सामन्याच्या साधारण पाच-सहा आठवडे आधी कळते आणि कधी कधी ती मुदतही हुकते. न्यूकॅसलहून दक्षिण किनाऱ्यावरच्या बोर्नमथला जायचे तर साडेतीनशे मैलांच्या आसपास प्रवास होतो. तिकीट लवकर काढावे तर सामना सरकला की ते वाया जाते, उशिरा काढावे तर स्वस्त तिकिटे संपलेली असतात. त्यात सामना सोमवारी आठला पडला की शेवटच्या शिट्टीआधीच शेवटची गाडी निघून गेलेली असते, मग बसमधून रात्र काढायची आणि मंगळवारी तसेच कामावर जायचे. अंतराबद्दल यातला कोणीही कुरकुर करत नाही. तो तर अभिमानाचा भाग आहे. राग आहे तो मधल्या सहा-सात आठवड्यांच्या खाईचा.

इथे क्लबची बाजूही समजून घ्यायला हवी. सामन्याची वेळ ठरण्यात लीग, वाहिन्या, स्थानिक पोलीस, नगरपालिकेची सुरक्षा सल्लागार समिती आणि युरोपीय स्पर्धांचे वेळापत्रक अशा सगळ्यांचा हात असतो, आणि पुष्कळदा क्लबलाही पाठीराख्याच्या थोडेच आधी कळते. पण पाठीराखा ओळखतो तो क्लबला. पैसे क्लबला दिलेले असतात, निष्ठेचे गुण (जितके सामने पाहिले तितके तिकिटात प्राधान्य देणारे) क्लबच्या खात्यात साठवलेले असतात. ‘तारखेत बदल संभवतो’ एवढ्या एका वाक्यावर क्लब हात झटकतो, तेव्हा ते खरे असूनही अपुरे ठरते. निदान काय ठरायचे बाकी आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत ठरेल, एवढे सांगायला कोणाच्या परवानगीची गरज नसते.

माहितीऐवजी सूचनेची सवय सर्वांत उघडी पडते ती ‘बबल’ सामन्यांत. या पद्धतीत पाहुण्या पाठीराख्याला स्वतंत्रपणे जाताच येत नाही. त्याने क्लबने ठरवलेल्या ठिकाणाहून ठरवलेल्या बसनेच निघायचे, हातात तिकिटाऐवजी पावती असते आणि वाटेत एखाद्या महामार्गावरच्या थांब्यावर ती देऊन तिकीट घ्यायचे. कार्डिफ आणि स्वान्सी यांच्या सामन्यांना ही पद्धत अनेक वर्षे होती. २०१३ मध्ये हडर्सफील्ड आणि हल यांच्या सामन्याला ती लावली, तेव्हा दोन्ही क्लबांच्या पाठीराख्यांनी एकत्र येऊन विरोध केला. हडर्सफील्डच्या शेजारी राहणाऱ्या हलच्या पाठीराख्याने आधी हलला जायचे आणि तिथून बसने परत यायचे, हा त्यातला विनोद पोलिसांना दिसला नाही.

दबावाने काही मिळालेही. पाठीराख्यांच्या राष्ट्रीय महासंघाने २०१३ मध्ये पाहुण्या प्रेक्षकांच्या तिकिटाला वीस पौंडांची मर्यादा घालण्याची मोहीम काढली. त्याच वर्षी प्रीमियर लीगने प्रत्येक क्लबने वर्षाला दोन लाख पौंड प्रवासी पाठीराख्यांवर खर्च करावेत असे ठरवले आणि काही क्लबांनी त्यातून बसभाडे कमी केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने ७७ पौंडांचे तिकीट जाहीर केले, तेव्हा हजारो प्रेक्षक ७७ व्या मिनिटाला उठून चालते झाले. चारच दिवसांत मालकांनी माफी मागून निर्णय मागे घेतला, आणि पुढच्याच महिन्यात पाहुण्यांच्या तिकिटावर तीस पौंडांची कमाल मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये सहा इंग्लिश क्लबांनी कोणालाही न विचारता युरोपियन सुपर लीग या निवडक बड्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धेची घोषणा केली आणि दोन दिवसांत ती गुंडाळली. त्या धक्क्यातून चौकशी समिती, तिच्यातून २०२५ चा फुटबॉल प्रशासन कायदा आणि स्वतंत्र नियामक आला. सामन्याच्या दिवशीच्या व्यवस्थेबाबत पाठीराख्यांशी सल्लामसलत करणे आता क्लबांवर बंधनकारक होत आहे. सामन्यांच्या वेळा आणि प्रक्षेपणाचे करार मात्र नियामकाच्या हाती नाहीत, म्हणजे दुखणे एका खोलीत आणि औषध दुसऱ्या खोलीत, असा प्रकार झाला आहे.

२०२२ हे वर्ष या दृष्टीने बोलके ठरले. एप्रिलमध्ये ईस्टरच्या शनिवारी लिव्हरपूल आणि मँचेस्टर सिटी यांचा एफए कपचा उपांत्य सामना लंडनच्या वेम्ब्लीवर होता आणि त्याच दिवसांत रुळांच्या कामामुळे लंडनला जाणाऱ्या थेट गाड्या बंद होत्या. दोन्ही शहरांच्या महापौरांनी जागा बदलण्याची विनंती केली, फुटबॉल संघटनेने ती मानली नाही आणि सुमारे पाच हजार जणांसाठी मोफत बसगाड्या दिल्या. मे महिन्यात पॅरिसमध्ये लिव्हरपूल खेळत असलेल्या, युरोपीय क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याला प्रसंग त्याहून गंभीर झाला. एका उपनगरी मार्गावर संप, त्यामुळे दुसऱ्या मार्गाकडे वळवलेले लोक, त्यांच्यासमोर एक चिंचोळा रस्ता आणि त्यावर तपासणी. सामना अर्ध्या तासाहून अधिक लांबला आणि मैदानातल्या पडद्यावर कारण झळकले: प्रेक्षक उशिरा आले. २०२३ च्या स्वतंत्र अहवालाने मुख्य जबाबदारी आयोजक युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेवर ठेवली. हिल्सबरो पाहिलेल्या क्लबच्या पाठीराख्यांपुढे तोच शब्द पुन्हा लिहिला गेला, यापेक्षा बेफिकिरीचा ठळक नमुना शोधावा लागणार नाही.

जर्मनीत सोमवारचे सामने २०१७-१८ पासून सुरू झाले, मैदानांत निषेध झाला आणि २०२१ पासून ते बुंडेसलीगा या तिथल्या अव्वल लीगमधून काढून टाकण्यात आले. तिथे बऱ्याच क्लबांच्या सामन्याच्या तिकिटावरच स्थानिक वाहतुकीचा प्रवास मिळतो. इंग्लंडमध्ये सोमवार कायम आहे.

आणि मग नाताळचा दुसरा दिवस. २६ डिसेंबरला फुटबॉल खेळण्याची इंग्लंडची परंपरा फार जुनी, तर त्या दिवशी देशातल्या बहुतेक मार्गांवर रेल्वे धावत नाही ही वस्तुस्थितीही तितकीच परिचित. २०२५ मध्ये तो दिवस शुक्रवारी आला आणि प्रीमियर लीगने त्या दिवशी एकच सामना ठेवला: मँचेस्टर युनायटेडविरुद्ध न्यूकॅसल, रात्री आठ वाजता. न्यूकॅसलच्या पाठीराख्यांना जाताना रेल्वे नव्हती, येतानाही नव्हती, आणि सामना संपला तेव्हा दहा वाजत आले होते.