कळपाचा लीडर घोडा असतो? नाही हो
जंगली घोड्यांच्या कळपात सगळ्यात ताकदवान घोडा पुढे धावतो आणि बाकीचे त्याच्या मागे, असं आपण लहानपणापासून चित्रांत बघत आलोय, पण ते खरं नाहीये. अमेरिकेत मोंटाना-वायोमिंगच्या हद्दीवर प्रायर माउंटन्समध्ये १९६८ पासून मस्टँग म्हणजे तिथल्या जंगली घोड्यांसाठी जागा राखीव आहे, तिथे कुटुंब म्हणजे साधारण एक घोडा, दोन-चार घोड्या आणि त्यांची शिंगरं, आणि पाण्याकडे निघताना बरेचदा एखादी घोडीच आधी चालायला लागते, घोडा मागे किंवा कडेला राहून बाहेरच्या घोड्यांवर नजर ठेवतो, कुटुंबातलं कोणी रेंगाळलं तर मान खाली, कान मागे करून हाकतो. मग एकच म्हातारी घोडी लीडर का? तेही नाही, अभ्यासात वेगवेगळे मेंबर सुरुवात करताना दिसलेत.

आणि शिंगरू दिसलं तर नशीबच! बहुतेक वेळा रात्रीच जन्मतं, तास-दोन तासांत लटपटत उभं राहतं, मोठा घोडा जवळ आला की मान लांब करून तोंडाची उघडझाप करतं, ती भूक नसते, मी लहान आहे, मारू नका असं सांगणं असावं असं मानतात, इतकं गोड दिसतं ते! पण प्लीज, फोटोसाठी जवळ जाऊ नका, १०० फूट तरी लांब थांबा, घोडी बिथरली की दूध पाजणं सोडून पिल्लाला घेऊन पळते.