कांचरी समजून भलतंच खुडाल!

ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या श्रीलंकन कुटुंबांनी मायदेशाची आवडती भाजी म्हणून परसात एक रोप लावलं होतं. भाजीचं नाव मुकुनुवेन्ना, म्हणजे आपली ओढ्याकाठची कांचरी. १९९०च्या दशकात तण-तज्ज्ञांनी पाहिलं, तर ती निघाली ॲलिगेटर वीड, पाण्यावर पसरत जाणारं परकं तण! पिढ्यान्‌पिढ्या ही भाजी खाणारी माणसं फसली, मग ओढ्याकाठी आपण का नाही फसणार?

दोघी माठ-राजगिऱ्याच्या कुळातल्या, अल्टर्नॅन्थेरा प्रजातीच्या सख्ख्या बहिणी. दोघींची पानं समोरासमोर, फुलांचे गुच्छ पांढरे. पण कांचरीचा गुच्छ पानाच्या बगलेत खोडाला थेट चिकटलेला असतो. तिच्या शास्त्रीय नावातलं ‘सेसिलिस’ म्हणजे बिनदेठाची. ॲलिगेटर वीडचा गुच्छ चांगल्या लांब देठावर एकटाच उभा असतो. फूल नसेल तर खोड मोडून बघा. पाण्यात वाढलेल्या ॲलिगेटर वीडचं खोड आतून नळीसारखं पोकळ निघतं.

मला ही पोकळीच फार आवडते. तिच्यातल्या हवेमुळे काठावर रुजलेली वेल पाण्यावर तरंगत पुढे सरकते. प्रत्येक पेरावर कोंब असतो. एक पेर तुटून वाहत गेलं तरी खाली नवं रोप उभं राहतं. म्हणूनच मूळच्या दक्षिण अमेरिकेबाहेर तिचं बी सहसा धरत नसलं, तरी तिचं काही अडत नाही. यंत्राने कापून काढायला जावं, तर तुकडे आणखी पसरतात.

पण हीच पोकळी तिच्या शत्रूच्याही कामी येते. तिच्यावरच जगणारा एक छोटा भुंगेरा ऑस्ट्रेलियात १९७७ साली मुद्दाम सोडला. त्याची अळी पानं खाते आणि कोषात जायला खोड पोखरून पोकळीत शिरते. जमिनीवर वाढलेल्या त्याच वनस्पतीचं खोड बारीक असतं, तिथे कोषाला जागा पुरत नाही. त्यामुळे पाण्यातलं तण आटोक्यात येतं, काठावरचं मात्र तसंच राहतं.

कांचरीला संस्कृतात मत्स्याक्षी म्हणतात, त्यावरून ‘ही भाजी खा, चष्मा जाईल’ असे संदेश फिरतात. पालेभाजीतलं कॅरोटीन ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढतं, हे खरं. पण जवळचं किंवा दूरचं अंधुक दिसतं ते डोळ्याच्या घडणीमुळे. ती घडण कुठलीही भाजी बदलत नाही.

आणि ओळख पटवायला तोडलेली फांदी पुन्हा ओढ्यात टाकू नका. पिशवीत घालून घरी आणा, कडक उन्हात पत्र्यावर पार कुरकुरीत वाळू द्या.